डिस्क वारंवार अ‍ॅरेबाहेर पडते, स्पेअर असूनही रीबिल्ड होत नाही: तपासणी कुठून सुरू करायची

लक्षणं

- अ‍ॅरे डिग्रेडेड होतो, म्हणजे रेड पद्धतीने एकत्र बांधलेल्या डिस्कांच्या या संचातला एक सदस्य कमी पडतो. डिस्क परत घातली की रीबिल्ड (तिच्यावर डेटा पुन्हा भरणं) पूर्ण होतो, पण काही दिवसांनी तीच डिस्क किंवा त्याच स्लॉटमध्ये बसवलेली नवी डिस्क पुन्हा बाहेर.
- लिनक्सवर /प्रोक/एमडीस्टॅट मध्ये [४/३] [यूयू_यू] असं काहीतरी दिसतं. त्यातली आडवी रेघ म्हणजे गायब सदस्य.
- बाहेर पडलेली डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर निमूटपणे चालते.
- स्पेअरपुढे, म्हणजे राखीव डिस्कपुढे, (एस) लिहिलेलं दिसतं, पण रीबिल्ड सुरूच होत नाही. किंवा सुरू होतो आणि मध्येच मोडतो.
- हार्डवेअर कंट्रोलर (रेड सांभाळणारं वेगळं कार्ड) नवीन डिस्कला 'फॉरेन' किंवा 'अनकॉन्फिगर्ड बॅड' म्हणतो.
- कर्नलच्या लॉगमध्ये 'हार्ड रीसेटिंग लिंक' या ओळी पुन्हापुन्हा येतात, नंतर 'लिमिटिंग साटा लिंक स्पीड टू ३.० जीबीपीएस'.
- डिस्क कधी गेली ते कोणालाच माहीत नाही, कारण ईमेल आलाच नाही.

या सगळ्यांच्या मुळाशी एक गैरसमज असतो. अ‍ॅरेने बाहेर काढलेली डिस्क म्हणजे मेलेली डिस्क, असं धरून लोक थेट नवी डिस्क मागवतात. अ‍ॅरेला फक्त एवढंच कळतं की अमुक डिस्कने ठरलेल्या वेळेत उत्तर दिलं नाही किंवा तिच्यावर लिहिणं फसलं. ते डिस्कमुळे झालं, केबलमुळे, वीजपुरवठ्यामुळे की वेळेच्या मर्यादेमुळे, हे त्याला ठरवता येत नाही. म्हणून पुढचा क्रम स्वस्तातून महागाकडे जातो. पहिल्या दोन तपासण्यांना एक पैसाही लागत नाही.

(आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती मूळ इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत द्यायची.)

हात लावण्याआधी

अ‍ॅरे डिग्रेडेड असेल आणि बॅकअप जुना असेल, तर आधी ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही तेवढाच डेटा बाहेर कॉपी करा. रीबिल्ड प्रत्येक डिस्कचा शेवटचा सेक्टरसुद्धा वाचतो. निवडक फायली कॉपी करताना त्यातला लहानसाच भाग वाचला जातो. उरलेल्यांपैकी एखादी डिस्क डळमळीत असेल तर हा फरक निर्णायक ठरतो.

मग सध्याची स्थिती एका फाइलमध्ये साठवा, आणि ती फाइल त्याच अ‍ॅरेवर ठेवू नका. 'एमडीएडीएम --डीटेल' (हे लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडचं, म्हणजे एमडीचं, साधन) अ‍ॅरेवर आणि 'एमडीएडीएम --एक्झामिन' प्रत्येक सदस्य डिस्कवर चालवून दोन्हीचं आउटपुट ठेवा. झेडएफएस (स्वतःचं रेड असलेली फाइलसिस्टम) असेल तर 'झेडपूल स्टेटस -व्ही'. पुढे काही बिघडलं तर कोणती डिस्क कितव्या क्रमांकावर होती, चंक (एका डिस्कवर सलग लिहिला जाणारा तुकडा) किती केबीचा होता, डेटा कुठल्या ऑफसेटपासून सुरू होत होता, हे सगळं या कागदावरूनच कळणार आहे.

१. नेमकी कोणती डिस्क?

'एसडीसी गेली' एवढ्यावर हात घालू नका. एसडीए, एसडीबी ही नावं डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्यावर ठरतात आणि रीबूटनंतर बदलू शकतात. /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी मधल्या नावात मॉडेल आणि सीरियल नंबर असतो, तोच धरा. सीरियलचे शेवटचे चार आकडे प्रत्येक ट्रेच्या पुढच्या बाजूला चिठ्ठीवर लिहून चिकटवले, तर पुढचा सगळा घोळ वाचतो. बॅकप्लेनला (ट्रे ज्या बोर्डात बसतात त्याला) दिवे असतील तर 'लेडसीटीएल लोकेट' ने नेमका दिवा लावता येतो. ही सोय नसेल पण ट्रेला वापराचा दिवा असेल तर चांगल्या डिस्कवर 'डीडी' ने नुसतं वाचन चालू करा. जिचा दिवा सतत लुकलुकतो ती चांगली. शंका राहिली तर मशीन बंद करून सीरियल डोळ्यांनी वाचा.

रेड ५ एकच डिस्क गेलेली सोसतो; त्यात एक डिस्क आधीच गेलेली असताना चुकीचा ट्रे ओढला, की अ‍ॅरे तिथेच खाली बसतो. डेटा जाण्याच्या प्रकारांत हा अगदी नेहमीचा, आणि त्यात यंत्राचा काहीच दोष नसतो.

२. स्मार्टचे चार आकडे

स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. 'स्मार्टसीटीएल -ए' चालवा. यादी लांबलचक येते, पण बघायच्या ओळी थोड्याच:

५, रीअलोकेटेड सेक्टर: खराब झालेले आणि राखीव जागेत हलवलेले सेक्टर.
१९७, करंट पेंडिंग: वाचता न आलेले, निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर.
१९८, ऑफलाइन अनकरेक्टेबल.
१९९, यूडीएमए सीआरसी एरर: डिस्क आणि कंट्रोलर यांच्यातल्या वाटेवर डेटा बिघडला त्याची मोजणी.

१९७ किंवा १९८ शून्याच्या वर असेल आणि दिवसागणिक वाढत असेल, तर डिस्कचा पृष्ठभागच खराब होत चालला आहे. सरळ विभाग ७ वर जा. ५ मध्ये छोटा आकडा असून तो महिनोन्महिने तसाच असेल तर घाबरायचं कारण नाही, फक्त लक्ष ठेवा. आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची.

१९९ वाढतोय आणि बाकी तिन्ही शून्य, हे चित्र दिसलं तर डिस्क निर्दोष आहे असं समजून केबलकडे वळा. हा आकडा कधीच शून्यावर परत येत नाही. त्यामुळे केबल बदलल्यावर त्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा बघा. तेवढाच राहिला तर काम झालं.

एसएएस (साटाऐवजी सर्व्हरमध्ये वापरतात त्या जोडणीच्या) डिस्कवर ही यादी मिळत नाही. तिथे 'एलिमेंट्स इन ग्रोन डिफेक्ट लिस्ट' आणि दुरुस्त न झालेल्या चुकांचा रकाना बघायचा.

'स्मार्ट ओव्हरऑल हेल्थ: पास्ड' या ओळीवर मात्र अजिबात विसंबू नका. डिस्क शेकडो सेक्टर गमावून बसलेली असतानाही ती ओळ 'पास्ड'च म्हणत राहू शकते.

३. केबल, कनेक्टर, स्लॉट

साटाची डेटा केबल एक मीटरपेक्षा लांब नसावी, आणि पेटीत बसवताना ती काटकोनात मोडलेली नसावी. लॅच नसलेली केबल पंख्याच्या थरथरीने हळूहळू सैल होते. सगळ्या केबल नायलॉन पट्टीने एकत्र करकचून बांधलेल्या असतील तर त्या सोडवा.

इथला सगळ्यात उपयोगी प्रयोग म्हणजे अदलाबदल. मशीन बंद करून संशयित डिस्क आणि शेजारची चांगली डिस्क यांचे स्लॉट बदला. लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड आणि झेडएफएस डिस्कला तिच्यावरच्या मेटाडेटावरून ओळखतात, त्यामुळे जागा बदलल्याने काही बिघडत नाही. हार्डवेअर कंट्रोलरच्या बाबतीत आधी त्याचं माहितीपत्रक बघा. आता दोष डिस्कबरोबर गेला तर डिस्क खराब, स्लॉटपाशीच राहिला तर केबल किंवा बॅकप्लेन. अ‍ॅरे डिग्रेडेड असताना मात्र हा खेळ नको. चांगली डिस्क संशयित स्लॉटमध्ये घालून तीही बाहेर पडली तर पंचाईत. आधी अ‍ॅरे पूर्ण होऊ द्या.

४. वीज

एकाच क्षणी दोन किंवा जास्त डिस्क गेल्या, तर त्या एकत्र मेल्या असं समजण्याआधी त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधा. एकच पॉवर केबल, एकच स्प्लिटर, एकच कंट्रोलर कार्ड यांपैकी काहीतरी निघतंच.

३.५ इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते. ८ डिस्क एकदम सुरू झाल्या तर १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॉट, फक्त या एका कामाला. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये प्रत्येक व्होल्टेजला तीन पिना असतात आणि एका पिनेची क्षमता १.५ अँपिअर, म्हणजे अख्ख्या कनेक्टरची ४.५. एका साटा कनेक्टरवर स्प्लिटर लावून तीन-चार डिस्क चालवणं इथेच फसतं. सुरू होताना व्होल्टेज खचतं, एखादी डिस्क रीसेट होते, आणि अ‍ॅरे तिला बाहेर काढतो. प्लास्टिक ओतून बंद केलेले स्वस्त अडॉप्टर तर वितळतात. कनेक्टर पिवळसर किंवा तपकिरी पडला असेल तर तो तत्काळ फेकून द्या. कंट्रोलरमध्ये 'स्टॅगर्ड स्पिन-अप'ची सोय असेल तर चालू करा, डिस्क एकामागून एक सुरू होतात.

नवी डिस्क अजिबात फिरतच नसेल तर आणखी एक शक्यता आहे. काही नव्या डिस्कवर साटा पॉवरच्या तिसऱ्या पिनेला 'पॉवर डिसेबल'चं काम दिलेलं आहे. जुने पॉवर सप्लाय त्या पिनेवर ३.३ व्होल्ट देतात, आणि डिस्क तो 'बंद राहा' असा हुकूम समजते. डिस्क परत पाठवण्याआधी ३.३ व्होल्टची तार नसलेली केबल लावून बघा.

५. वेळेचं गणित जुळत नाही

सगळं हार्डवेअर ठीक, स्मार्ट जवळजवळ स्वच्छ, आणि तरी डिस्क दर महिन्याला बाहेर. असं असेल तर बहुतेक वेळा दोष इथे सापडतो, आणि याच ठिकाणी चांगल्या डिस्क भंगारात जातात.

एखादा सेक्टर नीट वाचता येत नसेल तर डिस्क स्वतःच पुन्हापुन्हा प्रयत्न करते. डेस्कटॉपसाठी बनवलेली डिस्क यात मिनिट-दोन मिनिटंसुद्धा घालवू शकते, कारण तिच्या मते डेटाची दुसरी प्रत कुठेच नाही. इकडे लिनक्सचा कर्नल कोणत्याही आज्ञेसाठी मुळात ३० सेकंदच थांबतो. ३० सेकंद झाले की तो लिंक रीसेट करतो. डिस्क अजून आपल्याच नादात असते, रीसेटलाही उत्तर देत नाही. खरं तर रेडच्या थराला फक्त 'हा सेक्टर वाचता आला नाही' एवढं कळलं असतं, तर त्याने पॅरिटीवरून (इतर डिस्कवर ठेवलेल्या हिशेबी माहितीवरून) तो डेटा काढून जागच्या जागी परत लिहिला असता आणि कोणाला पत्ताही लागला नसता. पण निरोप येण्याआधीच कर्नलने हात झटकले, मग लिहिणंही फसलं, आणि एका खराब सेक्टरपायी अख्खी डिस्क बाहेर.

रेडसाठी किंवा नॅससाठी (नेटवर्कवरच्या स्टोरेज पेटीसाठी) बनवलेल्या डिस्कमध्ये ही मुदत आधीच आखडलेली असते, साधारण ७ सेकंद. तपासायला: 'स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी'. आउटपुटमध्ये वाचन आणि लेखन दोन्हींसाठी ७० दिसलं तर ठीक; एकक १०० मिलिसेकंदांचं असतं, म्हणून ७० म्हणजे ७ सेकंद. 'डिसेबल्ड' दिसलं तर 'एससीटीईआरसी,७०,७०' देऊन चालू करा. ही सेटिंग बहुतेक डिस्कवर वीज गेली की विसरली जाते, त्यामुळे ती बूटच्या वेळी किंवा यूडेव्हच्या (डिस्क सापडली की आपोआप चालणाऱ्या) नियमातून दर वेळी लावायची व्यवस्था हवी. इतकं सगळं करून रीबूटनंतर 'पुन्हा तेच' म्हणणारे बहुतेक हेच विसरलेले असतात.

डिस्कला ही सोय नसेलच तर उलट बाजूने जा: /सिस/ब्लॉक/एसडीएक्स/डिव्हाइस/टाइमआउट मध्ये ३० च्या जागी १८० लिहा. अशा वेळी खराब सेक्टर आला की मशीन मिनिट-दोन मिनिटं गोठल्यासारखं वाटेल, पण डिस्क बाहेर पडणार नाही.

एक सावधगिरी. ७ सेकंदांची मुदत तेव्हाच बरी, जेव्हा हरवलेला डेटा दुसरीकडून काढता येतो. रेड ०, एकटी डिस्क, किंवा आधीच एक डिस्क गेलेला रेड ५ यांना ती घातक आहे. डिस्कने ७ सेकंदांत हात टेकले तर तो सेक्टर कायमचा गेला. डिग्रेडेड रेड ५ चा रीबिल्ड करताना ईआरसी (हीच ७ सेकंदांची मुदत) बंद करून टाइमआउट १८० ठेवणं शहाणपणाचं.

याच घरातली दुसरी भानगड एसएमआर डिस्कची. यात ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे सलग लांब लिखाणात आतली फेरमांडणी सुरू होते आणि डिस्क मध्येच खूप वेळ गप्प होते. रीबिल्ड म्हणजे नेमकं तेच, तासन्‌तास सलग लिहिणं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने २ ते ६ टीबीच्या 'रेड' (इंग्रजी 'लाल', वरचं रेड नव्हे) मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं मान्य केलं आणि मग सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या) डिस्कना 'रेड प्लस' असं वेगळं नाव दिलं. डिस्क घेताना मॉडेल नंबर घालून ती सीएमआर आहे का, ते कंपनीच्या तक्त्यात बघून घ्या. अ‍ॅरेत एसएमआर मिसळू नका. स्पेअर म्हणून तर नकोच.

६. स्पेअर आहे, पण कामाला लागत नाही

'हॉट स्पेअर लावली आहे' हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न: शेवटची तपासली कधी? ती डिस्क दोन-तीन वर्षं नुसती फिरत बसलेली असते, तिच्यावर ना कोणी वाचतं ना लिहितं. गरजेच्या दिवशी पहिल्याच टेराबाइटला ती पडली, तर स्पेअर नसण्यापेक्षा वाईट, कारण तोपर्यंत तुम्ही निर्धास्त होतात. महिन्याला एकदा स्पेअरवरही 'स्मार्टसीटीएल -टी लाँग' चालवा. एमडीचा 'चेक' फक्त सक्रिय सदस्यांना वाचतो, स्पेअरला शिवत नाही.

कारणं साधारण या क्रमाने शोधा.

आकार. दोन कंपन्यांच्या '४ टीबी' डिस्कमध्ये काही सेक्टरांचा फरक असू शकतो. स्पेअर एका सेक्टरानेही कमी पडली तरी नाकारली जाते. म्हणून अ‍ॅरे पहिल्यांदा बांधतानाच अख्खी डिस्क न देता पार्टिशन करून शेवटी १०० एमबी मोकळे सोडायचे.

स्पेअर दुसऱ्याच अ‍ॅरेची. लिनक्समध्ये अ‍ॅरेला जोडलेली स्पेअर त्याच अ‍ॅरेसाठी कर्नल आपणहून वापरतो. पण एमडी० ची स्पेअर एमडी१ साठी वापरायची असेल, तर दोन्हींना एमडीएडीएम.कॉन्फ मध्ये एकच 'स्पेअर-ग्रुप' द्यावा लागतो, आणि ती हलवण्याचं काम 'एमडीएडीएम --मॉनिटर' करतो. मॉनिटर बंद असेल तर कॉन्फिगमधल्या त्या ओळीला अर्थ नाही. ईमेलसुद्धा हाच मॉनिटर पाठवतो. 'मेलअ‍ॅडर' भरा आणि 'एमडीएडीएम --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट' चालवून चाचणी मेल खरोखर इनबॉक्समध्ये पोहोचतो का ते बघा. स्पॅममध्ये गेला तरी तो न आल्यातच जमा.

रीबिल्ड थोपवलेला. एमडीस्टॅटमध्ये 'ऑटो-रीड-ओन्ली' दिसलं तर 'एमडीएडीएम --रीडराइट' द्या. 'डिलेड' दिसलं तर घाबरू नका: त्याच डिस्कांच्या दुसऱ्या पार्टिशनवरचा अ‍ॅरे आधी चालू आहे, तो संपला की हा सुरू होईल. वेग अगदीच गोगलगायीचा असेल तर 'डेव्ह.रेड.स्पीड_लिमिट_मिन' बघा. मुळात तो सेकंदाला १००० केबी असतो, आणि सर्व्हरवर इतर काम चालू असलं की रीबिल्ड तिथपर्यंत खाली येतो. ५०,००० केल्यास फरक लगेच दिसतो, मात्र वापरणाऱ्यांना मशीन जड वाटेल.

जुना मेटाडेटा. दुसऱ्या सर्व्हरमधून काढलेली डिस्क हार्डवेअर कंट्रोलरला 'फॉरेन' दिसते. तिच्यावरचं जुनं काहीही नको आहे याची खात्री असेल तरच 'फॉरेन क्लिअर' करा. इथे 'इम्पोर्ट' आणि 'क्लिअर' शेजारीशेजारी असतात, आणि यादीत तुमच्याच चालू अ‍ॅरेची सुटलेली डिस्कही 'फॉरेन' म्हणून असू शकते. सीरियल जुळवल्याशिवाय बटण दाबू नका. लिनक्सवर जुनी डिस्क 'वाइपएफएस -ए' ने साफ होते.

जात वेगळी. बरेच कंट्रोलर एसएएस अ‍ॅरेला साटा स्पेअर किंवा फिरत्या डिस्कना एसएसडी स्पेअर घेत नाहीत. मोठ्या स्टोरेज कॅबिनेटमधून निघालेल्या एसएएस डिस्क कधी ५२० बाइटच्या सेक्टरने फॉरमॅट केलेल्या असतात. त्या 'एसजी_फॉरमॅट' ने ५१२ वर आणल्याशिवाय साध्या सर्व्हरमध्ये चालत नाहीत, आणि त्या कामाला कित्येक तास लागतात. फॉरमॅट चालू असताना वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

झेडएफएसचं थोडं वेगळं. लिनक्सवर स्पेअर आपोआप जोडण्याचं काम 'झेड' नावाचा डीमन करतो. तो चालू नसेल तर स्पेअर 'अ‍ॅव्हेल' अशी नुसती बसून राहते. चालू असेल तर ती 'इनयूज' होते, रीसिल्व्हर (झेडएफएसचा रीबिल्ड) पूर्ण होतो, आणि तरीही पूल (तिथला डिस्कसंच) 'डिग्रेडेड'च दिसतो. यात बिघाड काही नाही. झेडएफएसच्या लेखी स्पेअर ही तात्पुरती बदली. नवी डिस्क 'झेडपूल रीप्लेस' ने घातली की स्पेअर आपणहून मोकळी होते. स्पेअरलाच कायम करायचं असेल तर गेलेली डिस्क 'झेडपूल डिटॅच' करा.

हार्डवेअर कंट्रोलरमध्ये याच कामाला 'कॉपीबॅक' म्हणतात. नवी डिस्क बसवल्यावर पुन्हा तासन्‌तास कॉपी चालू झाली म्हणून काही लोक घाबरून डिस्क ओढतात. ओढू नका, स्पेअर आपल्या जागी परत जात आहे.

७. डिस्क खरंच खराब आहे, पण अजून वाचते

अशी डिस्क आधी 'फेल' करून बाहेर काढायची आणि मग नवी घालायची, ही जुनी सवय सोडा. त्यात रीबिल्ड होईपर्यंत अ‍ॅरेचं संरक्षण एका डिस्कने कमी असतं. नवी डिस्क स्पेअर म्हणून जोडा आणि 'एमडीएडीएम --रीप्लेस ... --विथ ...' द्या. डेटा जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर थेट कॉपी होतो. जो सेक्टर वाचता येत नाही तेवढाच पॅरिटीवरून काढला जातो. पूर्ण झाल्यावरच जुनी आपोआप 'फॉल्टी' होते. यासाठी एक स्लॉट मोकळा हवा. म्हणूनच पेटी काठोकाठ भरू नये.

केबलच्या दोषामुळे बाहेर पडलेली चांगली डिस्क परत घेताना 'अ‍ॅड' ऐवजी 'री-अ‍ॅड' वापरा. अ‍ॅरेवर राइट-इंटेंट बिटमॅप (कुठे लिहिलं त्याची नोंद) असेल तर मधल्या काळात बदललेले तुकडेच लिहिले जातात आणि काम मिनिटांत होतं. बिटमॅप नसेल तर अ‍ॅरे पूर्ण झाल्यावर 'एमडीएडीएम --ग्रो --बिटमॅप=इंटर्नल' ने लावा. पूर्ण रीबिल्डला किती वेळ लागतो याचा हिशेब: १२ टीबीची डिस्क, सरासरी सेकंदाला १५० एमबी, म्हणजे ८०,००० सेकंद, २२ तासांहून थोडं जास्त. तेही मशीनवर दुसरं काही काम नसताना.

नवी डिस्क थेट अ‍ॅरेत घालू नका. 'बॅडब्लॉक्स -डब्ल्यूएसव्ही' ने चार नमुने लिहून-वाचून बघा. यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा सीरियल दोनदा जुळवा. ४ टीबीच्या वरच्या डिस्कला '-बी ४०९६' द्या, नाहीतर ब्लॉकचा आकडा ३२ बिटांत मावत नाही आणि आज्ञा सुरूच होत नाही. १२ टीबीला हे साधारण आठवडाभर चालतं. घाई असेल तर किमान लाँग टेस्ट तरी.

८. शेवटी कंट्रोलर, बॅकप्लेन, फर्मवेअर

इथपर्यंत पोहोचलात तर पैसे लागणार. सर्व्हरसाठी बनवलेलं एचबीए कार्ड (डिस्क जोडायचं कार्ड) साध्या कॅबिनेटमध्ये बसवलं तर त्याच्या हीटसिंकवरून वारं जात नाही. रीबिल्डच्या भारात ते तापतं आणि एकदम अनेक डिस्क सुटतात. कार्डावर छोटा पंखा लावणं हा सर्वांत स्वस्त उपाय, आधी तो करा. साटा लिंकची वीजबचत बंद करण्यासाठी 'लिंक_पॉवर_मॅनेजमेंट_पॉलिसी' 'मॅक्स_परफॉर्मन्स' वर ठेवा. फर्मवेअर बदलायचं ते अ‍ॅरे पूर्ण आणि बॅकअप ताजा असतानाच. डिग्रेडेड अ‍ॅरेवर फर्मवेअर चढवणं म्हणजे हौसेने संकट ओढवून घेणं.

स्पेअर किती ठेवायच्या?

रेड ५ अधिक एक हॉट स्पेअर, किंवा तेवढ्याच डिस्कांत रेड ६. दोन्हींत वापरायला जागा सारखीच मिळते. रेड ६ घ्या. स्पेअर नुसती फिरत बसण्यापेक्षा पॅरिटी धरून बसलेली बरी, शिवाय प्रत्येक चेकमध्ये ती तपासलीही जाते. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात वाचन-चुकीची मर्यादा १० च्या १४ व्या घाताइतक्या बिटांमागे एक अशी दिलेली असते, म्हणजे १२.५ टीबीमागे एक. हा कंपनीने दिलेला कमाल आकडा आहे, दर १२.५ टीबीला चूक होतेच असं नाही. पण एक डिस्क गेलेल्या रेड ५ मध्ये रीबिल्डच्या वेळी एकही चूक झेलायला जागा नसते, रेड ६ मध्ये असते.

हॉट स्पेअर खरी कामाची तिथे, जिथे मशीनजवळ पटकन पोहोचता येत नाही, किंवा एका पेटीत अनेक अ‍ॅरे आहेत आणि सगळ्यांत मिळून एक-दोन पुरतात. मशीन रोज डोळ्यांसमोर असेल तर तपासून ठेवलेली डिस्क कपाटात असलेली चांगली. तिची झीज होत नाही. खूप डिस्क असतील तर ओपनझेडएफएस २.१ पासून आलेलं डीरेड बघा. तिथे स्पेअरची जागा सगळ्या डिस्कांत वाटलेली असते, म्हणून रीबिल्डचं लिखाण एकाच डिस्कवर अडत नाही.

आणि महिन्यातून एकदा चेक. /सिस/ब्लॉक/एमडी०/एमडी/सिंक_अ‍ॅक्शन मध्ये 'चेक' लिहिलं की सगळे सेक्टर वाचले जातात, आणि कोपऱ्यात दडलेले खराब सेक्टर रीबिल्डच्या दिवसाआधीच सापडून दुरुस्त होतात. नंतर 'मिसमॅच_सीएनटी' बघा. रेड १ किंवा १० वर स्वॅप असेल तर तिथे थोडा आकडा येऊ शकतो, त्याने बिघडत नाही. रेड ५ किंवा ६ वर आकडा आला तर रॅम आणि कंट्रोलर तपासा.

कुठे थांबायचं

पुढच्यापैकी काहीही असेल आणि डेटाची दुसरी प्रत नसेल, तर मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याला बोलवा.

डिस्कमधून टकटक किंवा खरखर येते. प्रत्येक मिनिट चालू ठेवल्याने डोकं प्लेटवर घासत असतं. 'अजून एकदा बघू' हेच इथे महाग पडतं. फ्रीजरमध्ये ठेवणं, सर्किट बोर्ड बदलणं हे उद्योग करू नका.

सहनशक्तीपेक्षा जास्त डिस्क गेल्या आहेत: रेड ५ मध्ये दोन, रेड ६ मध्ये तीन, रेड १० मध्ये एकाच जोडीतल्या दोन्ही. इथे एक अपवाद. सगळ्या एकाच क्षणी गेल्या असतील, कारण विजेचं किंवा केबलचं निघालं असेल आणि 'एक्झामिन' मधले इव्हेंट काउंट (प्रत्येक डिस्कवर नोंदलेली बदलांची मोजणी) सारखे किंवा अगदी थोड्याच फरकाचे असतील, तर 'असेंबल --फोर्स' ने अ‍ॅरे उभा राहतो. तेही शक्य असेल तर प्रत्येक डिस्कची 'डीडीरेस्क्यू' ने प्रत काढून, प्रतींवर. इव्हेंट काउंट हजारोंनी वेगळे असतील तर फोर्स करू नका: मागे पडलेल्या डिस्कवर जुना डेटा आहे, आणि तो मिसळला की फाइलसिस्टम फाटते.

कोणी 'एमडीएडीएम --क्रिएट' पुन्हा चालवलं आहे. इंटरनेटवरच्या सल्ल्यांत ही आज्ञा सर्रास दिसते. डिस्कांचा क्रम, चंक किंवा डेटा ऑफसेट यांपैकी एक जरी चुकलं आणि सिंक सुरू झालं, तर पॅरिटी चुकीच्या डेटावरून नव्याने लिहिली जाते. सिंक चालू दिसला तर लगेच थांबवा आणि पुढे काही करू नका. एफएससीके (फाइलसिस्टम दुरुस्त करणारी आज्ञा) सुद्धा नाही. अर्धवट अ‍ॅरेवर तो दुरुस्तीच्या नावाखाली फोल्डरची रचना उद्ध्वस्त करतो.

हार्डवेअर कंट्रोलर मेला आहे आणि नवा कंट्रोलर अ‍ॅरे 'इनिशियलाइझ' करू का असं विचारतो आहे. उत्तर कायम नाही.

देताना सगळ्या डिस्क द्या, आधी बाहेर पडलेलीसुद्धा. तिच्यावरचा जुना डेटा कधी कधी कामी येतो. प्रत्येकीवर स्लॉट नंबर लिहा. सोबत सुरुवातीला साठवलेलं 'एक्झामिन'चं आउटपुट, कंट्रोलरचं मॉडेल, कोणती डिस्क कोणत्या तारखेला सुटली, आणि त्यानंतर कोणकोणत्या आज्ञा चालवल्या त्याची यादी द्या. एन्क्रिप्शन असेल तर पासफ्रेजबरोबर लक्स (लिनक्सचं डिस्क-एन्क्रिप्शन) हेडरचा बॅकअपही लागेल.